ब्रिटनच्या विद्यापीठासाठी एजंट गाठण्याआधी

कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांमधून एक फेरी मारली तरी 'स्टडी इन यूके', 'झिरो फी', 'शंभर टक्के व्हिसा' अशा पाच-सहा पाट्या नजरेस पडतात. त्यातलं 'झिरो फी' बहुतेक वेळा खरं असतं. 'शंभर टक्के व्हिसा' मात्र कुणाच्याच हातात नसतं, कारण व्हिसा ब्रिटनचं गृहखातं देतं आणि तिथे ना एजंटचं चालतं ना विद्यापीठाचं.

झिरो फी परवडते कशी? मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघितलेल्या माणसाला अडत समजावून सांगायला नको. विद्यार्थी फी भरून वर्गात बसला की विद्यापीठ एजंटला पहिल्या वर्षाच्या फीमधला ठरलेला हिस्सा देतं. साधारण १० ते २० टक्के, काही विद्यापीठं त्याहून जास्त. फी १६,००० पौंड आणि कमिशन १५ टक्के धरलं तर एका विद्यार्थ्यामागे २,४०० पौंड. यात गैर काही नाही, धंदा आहे. फक्त तुमच्यासमोर बसलेला माणूस कुणाच्या पैशावर बसलाय हे विसरू नका. ज्या विद्यापीठाशी त्याचा करार नाही, ते त्याच्या यादीत येणारच नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज तर एजंट नेमतच नाहीत. त्यांची नावं घेऊन 'आमची तिकडे ओळख आहे' म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून चहा न पिता उठावं.

हे यादीचं प्रकरण शिष्यवृत्तीवाल्यांना सगळ्यात महागात पडतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठ जागतिक क्यूएस क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. एजंटने आपल्या करारातल्या, पण मर्यादेबाहेरच्या विद्यापीठाची ऑफर आणून हातात ठेवली, तर ऑफर खरी असूनही शिष्यवृत्ती हुकते. त्या वर्षीच्या जाहिरातीतली मर्यादा आधी वाचा, यादी तुम्ही करा, मग एजंटकडे जा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीलाही अर्ज स्वतःच करायचा असतो आणि त्यासाठी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. कॉलेज संपताच 'चेव्हनिंग मिळवून देतो' असं कुणी म्हणत असेल तर त्याला नियमच माहीत नाहीत.

एजंट लागतोच का

बारावीनंतर पदवीला जायचं असेल तर अर्ज यूकॅस या एकाच पोर्टलवर होतो. तिथे पाच पर्याय देता येतात आणि खर्च तीसेक पौंडांचा. मास्टर्सचा अर्ज बहुतेक ठिकाणी थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरतात. चार-पाच विद्यापीठं मनात पक्की असतील, इंग्रजी बरं असेल आणि ईमेलला वेळेत उत्तर द्यायची सवय असेल, तर हे घरी बसून होतं. एजंटचा खरा उपयोग पुढे असतो. ऑफर अडकली की विद्यापीठाच्या माणसाला गाठणं, कॅससाठी पाठपुरावा करणं, व्हिसाची कागदपत्रं दुसऱ्या नजरेने तपासणं. काही विद्यापीठं करारातल्या एजंटकडून आलेल्या अर्जाची फीही माफ करतात. ही कामं तो नीट करतो का, एवढंच पारखायचं.

कॅस म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला क्रमांक. त्याशिवाय स्टुडंट व्हिसाचा अर्जच भरता येत नाही. बहुतेक विद्यापीठं तो देण्याआधी आगाऊ रक्कम घेतात, काही मुलाखतही घेतात.

पारख कशी करायची

पहिली तपासणी घरूनच होते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भारताच्या पानावर अधिकृत एजंटांची यादी बहुधा असते. पाटीवरचं नाव आणि यादीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. यादी नसेल तर विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला स्वतःच्या ईमेलवरून दोन ओळी लिहा: अमुक नावाची कोल्हापुरातली संस्था तुमची एजंट आहे का? असं विचारण्यात संकोच नको, त्यांच्याकडे अशी पत्रं येतच असतात.

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीत बरीच ऑफिसं थेट एजंट नसून सब-एजंट असतात. करार मुंबई-दिल्लीच्या मोठ्या कंपनीचा, विद्यार्थी इथला. सब-एजंट म्हणजे फसवाच असं नाही. पण विद्यापीठाने शुक्रवारी मागितलेला एक कागद तीन टेबलं फिरून तुमच्यापर्यंत पुढच्या बुधवारी येतो आणि तोवर मुदत उलटलेली असते. तोंडावर विचारा: तुमचा करार थेट आहे की दुसऱ्यामार्फत? दुसऱ्यामार्फत असेल तर त्या मोठ्या कंपनीचं नाव आणि तिथल्या माणसाचा ईमेल घ्या. नाव सांगायला जो कचरतो त्याच्याकडे अर्ज देऊ नये.

दुसरी तपासणी ब्रिटिश कौन्सिलची. एजंट आणि समुपदेशकांसाठी त्यांचं प्रशिक्षण आहे आणि ते पूर्ण केलेल्यांची यादी ऑनलाइन शोधता येते. प्रमाणपत्र एका व्यक्तीला मिळतं. भिंतीवरचं प्रमाणपत्र मालकाचं आणि तुमचा अर्ज भरणारी गेल्या महिन्यात रुजू झालेली मुलगी, असा प्रकार सर्रास चालतो. तुमची फाईल ज्याच्या टेबलावर जाणार, त्याचंच नाव शोधा. तिसरी तपासणी विद्यापीठाची: 'गव्ह डॉट यूके' या ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर विद्यार्थी व्हिसासाठी परवाना असलेल्या संस्थांची यादी आहे. त्या यादीत नाव नसेल तर व्हिसा मिळणार नाही, विषय संपला.

समोर बसल्यावर मात्र आम्ही सुचवू ती परीक्षा अगदी सोपी आहे. ज्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही आधीच बघून गेलाय तेच विचारा. उदाहरणार्थ, 'लंडनला राहण्याच्या खर्चासाठी दरमहा किती दाखवायचे?' नोव्हेंबर २०२५ पासून लंडनला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. म्हणजे लंडनला १३,७६१ आणि बाहेर १०,५३९, शिवाय पहिल्या वर्षाची न भरलेली फी. जुना आकडा सांगणारा माणूस जुन्या माहितीवर तुमचा अर्जही भरेल. दुसरा प्रश्न: 'शिकून झाल्यावर किती दिवस राहून काम करता येतं?' दोन वर्षं हे उत्तर आता अर्धवट आहे. १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सवाल्यांना १८ महिने मिळतील. सप्टेंबर २०२६ ला एक वर्षाचं मास्टर्स सुरू करणारा त्यात येतो. तिसरा प्रश्न लग्न झालेल्यांनी विचारावा: 'जोडीदाराला नेता येईल का?' जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (टॉट) मास्टर्सवर नेता येत नाही, पीएचडी आणि संशोधन अभ्यासक्रमांवर येतं. इथे 'बघू, करू काहीतरी' असं उत्तर आलं तर पुढे विचारायचं कारण उरत नाही.

सही करण्याआधी

पुष्कळ विद्यापीठं एकदा एका एजंटकडून आलेला अर्ज दुसऱ्याकडे सहजासहजी वळवू देत नाहीत. म्हणून 'नुसतं नाव नोंदवून ठेवूया' म्हणत दिलेली सही जड जाते. एकाच विद्यापीठाला दोन एजंटांकडून अर्ज गेला तर दोन्ही अडकतात. पासपोर्टची प्रत आणि मार्कशीट कुणालाही व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या आधी हे लक्षात असू द्या. त्यावर अर्ज परस्पर टाकलाही जातो.

अर्जात ईमेल आणि मोबाईल नंबर तुमचाच असला पाहिजे. एजंटने तुमच्या नावाचा नवा ईमेल काढून पासवर्ड स्वतःकडे ठेवला, तर ऑफर, नकार, मुलाखतीची तारीख, सगळं आधी त्याला कळतं. चांगल्या विद्यापीठाची ऑफर दाबून जास्त कमिशनवालीच पुढे केली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. प्रत्येक पोर्टलचा पासवर्ड तुमच्याकडे हवा.

विद्यापीठाचे पैसे एजंटच्या खात्यात कधीच भरायचे नाहीत, रोखीने तर नाहीच. विद्यापीठाने सांगितलेल्या खात्यावर किंवा त्यांच्या पेमेंट पोर्टलवर बँकेमार्फत भरा आणि पोचपावती विद्यापीठाकडूनच घ्या. एजंट स्वतःची फी घेत असेल तर कशाची, कोणत्या टप्प्यावर आणि व्हिसा नाकारला तर किती परत, हे लेखी हवं, बिल जीएसटीसह हवं. मूळ मार्कशीट, मूळ पासपोर्ट 'फाईलला लागतो' म्हणून ठेवून घेऊ देऊ नका. अर्जाला स्कॅन पुरतं.

खर्चाचा अंदाज मागताना एक जागा बघा. व्हिसाची फी एप्रिल २०२५ पासून ५२४ पौंड होती आणि ती बहुधा एप्रिलमध्येच वाढते. पण त्याच वेळी आरोग्य अधिभारही भरावा लागतो, वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा वर्षाहून काही महिने जास्त मिळतो, म्हणून दीड वर्षाचे १,१६४ पौंड होतात. हा आकडा एजंटच्या कागदावर नसेल तर बाकीचा हिशोबही पुन्हा तपासा.

बँकेचे पैसे: इथेच गाडी अडते

आपल्याकडच्या घरांची घडी आणि ब्रिटनचे नियम जुळत नाहीत, ते या जागी. पैसे विद्यार्थ्याच्या, आईवडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या खात्यात चालतात. एकत्र कुटुंबात काका, आजोबा, मोठा भाऊ यांच्या नावावर पडलेले पैसे चालत नाहीत, मग काका स्वतः येऊन हमीपत्र लिहून देवोत. ते आईवडिलांच्या खात्यात वळवा आणि तिथून सलग २८ दिवस शिल्लक एकदाही ठरलेल्या रकमेखाली जाऊ देऊ नका. २८ व्या दिवसापासून ३१ दिवसांच्या आत व्हिसाचा अर्ज भरायचा असतो. एका दिवसासाठी शिल्लक घसरली की मोजणी पहिल्यापासून. पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून काटावर न थांबता पाच टक्के जास्तच ठेवा.

गावोगावच्या पतसंस्थांतली ठेव दाखवू नका. पैसे ज्या संस्थेत आहेत ती त्या देशाच्या वित्तीय नियंत्रकाखाली हवी. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेखाली नाही. ती रक्कम वेळेत शेड्यूल्ड बँकेत आणा. जमिनीचं मूल्यांकन, सोनं, भविष्य निर्वाह निधीतली शिल्लक हेही मोजत नाहीत. मुदत ठेव चालते, पण मोडून पैसे हातात घेता येणारी हवी. खात्यात अचानक मोठी रक्कम आलेली असेल, उसाचं बिल असो की प्लॉट विकल्याची, तर कारखान्याची पावती किंवा खरेदीखताची प्रत जवळ असू द्या.

खातं वडिलांचं असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला लागतो. दाखला नुसता मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर वेगळं. कॅसवरचं नाव पासपोर्टसारखंच आहे ना, हे मसुदा आला त्याच दिवशी बघा.

आता 'फंड आम्ही दाखवतो, तुम्ही फक्त व्याज द्या' या धंद्याबद्दल. कुणाच्या तरी खात्याचं पत्रक किंवा महिन्याभरासाठी उसना भरलेला पैसा. गृहखातं बँकेकडे पडताळणी करतं. कागद खोटा निघाला तर व्हिसा तर जातोच, वर फसवणुकीचा ठपका बसून पुढचे अर्ज दहा वर्षांपर्यंत नाकारले जाऊ शकतात. तेव्हा एजंट फोन उचलत नाही. विद्यापीठंही अशा कागदांवर गेलेली आगाऊ रक्कम बहुधा परत देत नाहीत. यापेक्षा बँकेचं शैक्षणिक कर्ज केव्हाही बरं.

मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने विद्यापीठांसाठी व्हिसा नाकारले जाण्याची मर्यादा १० टक्क्यांवरून ५ वर आणायचं जाहीर केलं. त्यामुळे विद्यापीठं मुलाखती कडक घेऊ लागली आहेत. एजंटने पाठ करून घेतलेली उत्तरं तिथे लगेच कळतात. हाच अभ्यासक्रम का, कोणते विषय आहेत, राहण्याचा खर्च कोण करणार, एवढं विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं. उद्देशपत्रही स्वतः लिहा. एकाच ऑफिसातून दहा जणांची सारखी पत्रं जातात आणि पकडली जातात.

क्षयरोगाचा दाखला गव्ह डॉट यूकेच्या यादीतल्या क्लिनिकचाच चालतो आणि तो सहा महिने ग्राह्य असतो. बोटांचे ठसे द्यायला पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, तो दिवस धरूनच तारखा ठरवा. सप्टेंबरच्या प्रवेशाला जूनअखेर कॅस हातात असेल तर घाई होत नाही. ऑगस्टमध्ये अर्ज टाकून 'होतंय, होतंय' म्हणणारा एजंट बहुधा जानेवारीच्या तुकडीत ढकलतो.

व्हिसा नाकारला गेलाच तर नकाराचं मूळ पत्र आधी स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका. अधिकाऱ्याची चूक वाटली तर भारतातून केलेल्या अर्जावर फेरतपासणी मागायला २८ दिवस असतात. एजंटने पैसे बुडवले तर विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला पावत्यांसह कळवा, कारण कमिशनची दोरी त्यांच्या हातात आहे. त्याबरोबर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ऑनलाइन पैसे उकळले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. उशीर झाला की ते खातं गोठवून पैसे परत मिळणं अवघड होतं.