मर्यादवेल बीपासून कशी वाढवावी

कोकणच्या पुळणीवर भरतीच्या रेषेच्या वर, सुरूच्या अलीकडे, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची आणि गुलाबी-जांभळ्या फुलांची जी वेल पसरलेली दिसते ती मर्यादवेल. समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्री. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ शेळीचं पाऊल. फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून ती बघायला सकाळीच जावं.

ही वेल लावायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, ‘किनाऱ्यावरून दोन हात वेल तोडून आणा आणि खुपसा.’ फांदी लागते, अगदी सहज लागते. पण वाळू धरून ठेवलेली वेल उपटून दुसरीकडची वाळू धरायला नेण्यात काय मिळवलं? शिवाय एकाच वेलीच्या शंभर फांद्या लावल्या तरी ते एकच झाड. एक रोग आला तर सगळ्यांवर सारखाच येणार. म्हणून बी.

बोंडं वेलीवरच तपकिरी होऊन वाळली की काढा, हिरवी नकोत. एका बोंडात चारपर्यंत बिया असतात, अंगावर मखमली तपकिरी लव असलेल्या. एकाच वेलीची सगळी बोंडं घेऊ नका. थोड्या थोड्या अंतरावरच्या वेलींकडून घ्या आणि निम्म्याहून जास्त जागच्या जागी राहू द्या.

आता बी निवडणं. माझं पहिलं वर्ष इथेच वाया गेलं. भात, भाजी सगळीकडे चालणारा नियम मी इथेही लावला: बी पाण्यात टाका, तरंगेल ते पोकळ, फेकून द्या. जवळजवळ सगळंच तरंगलं आणि मी सगळं फेकून दिलं. मर्यादवेलीचं चांगलं बी तरंगतंच. आत हवेची पोकळी असते आणि कवच पाणी आत येऊ देत नाही. अशी बी महिनोन्‌महिने समुद्रात वाहत जाऊनही जिवंत राहते. म्हणूनच जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर हीच वेल दिसते. तेव्हा तरंगण्याची परीक्षा इथे पूर्ण विसरा. बोटांनी दाबून बघा, टणक हवी. किड्याचं बारीक भोक असलेली बाजूला काढा. एवढंच.

पण जे कवच समुद्राला दाद देत नाही ते तुमच्या पाण्यालाही देणार नाही. नुसती भिजवलेली बी आठवडाभर ढिम्म राहते. यावर उकळतं पाणी ओतायला सांगणारे भेटतील. माझ्याकडे त्यात कवचाबरोबर आतला गरही शिजला. ॲसिडचा सल्ला तर घरी कुणी पाळूच नये. बारीक कानस किंवा खरखरीत पॉलिश पेपर घ्या. बीला एक डोळा असतो, जिथे ती बोंडाला चिकटलेली असते. त्या बाजूला कोंबाचं मूळ असतं, तिथे हात लावू नका. डोळा खाली धरून पाठीकडची गोलाई घासा. काळपट कवचाखाली फिकट रंगाचा ठिपका दिसला की थांबा. मोहरीच्या दाण्याएवढा पुरे. आणखी एकदा घासू या, असं वाटतं तिथेच गर जखमी होतो आणि बी कुजते.

घासलेल्या बिया रात्रभर गोड्या पाण्यात ठेवा. खाऱ्या पाण्यात रुजणं अडतं. किनाऱ्यावरही ती पावसाचीच वाट बघते. सकाळी ज्या टम्म फुगल्या त्या लगेच पेरा. ज्या फुगल्या नाहीत त्या पुसून पुन्हा थोड्या घासा, पाण्यात तशाच ठेवू नका.

पिशवीत बहुतांश वाळू आणि थोडी माती. शेणखत नको, खताच्या लाडाने पानं माजतात आणि मुळं आळसावतात. बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी खोल. पेरणी मे महिन्यात केली तर रोपं पावसाला तयार होतात. देठाशी मुंग्या दिसल्या तर औषध फवारू नका. तिथल्या ग्रंथी गोड रस देतात, मुंग्या त्यासाठी येतात.

लागवड जूनचे पहिले काही चांगले पाऊस पडून वाळू आतपर्यंत ओली झाल्यावर. पावसाळ्यातल्या उधाणाचं पाणी कुठवर येतं ते गावातल्या मच्छीमारांना विचारा आणि त्याच्याही वर लावा. वाळूचे ढिगारे किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत संरक्षित वर्गात मोडतात, तेव्हा ग्रामपंचायत आणि वनविभागाला न विचारता खणायला जाऊ नका. ऑलिव्ह रिडले कासवं जिथे अंडी घालतात, तिथे कासवमित्रांना आधी भेटा. दाट मुळांच्या वाळूत घरटं खणणं कासवाला जड जातं.

पहिला पावसाळा रोपांवरून पाय आणि गाड्या जाऊ देऊ नका. पुढे वेल पेरापेरातून मुळं सोडत जाते. वाऱ्याने वाळू येऊन ती गाडली गेली तर उकरून मोकळी करू नका. काही दिवसांत शेंडा स्वतःच वर येतो, आणि वर आलेली ती वाळू तिथेच थांबते.