भेंडीच्या ठशापासून साडीच्या काठापर्यंत: तिसरी-चौथीच्या मुलांना संकल्पचित्र कसे शिकवावे

तिसरीच्या वर्गात ‘आवडीचं चित्र काढा’ असं सांगून बघा. बऱ्याच कागदांवर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि तिच्या काठाला झोपडी दिसेल. सपाट माळावर वाढलेलं मूलही हेच काढतं. मुलांकडे कल्पना नसते असं नाही. कोऱ्या कागदावर सुरुवात कुठून करायची हे कळत नाही, म्हणून ती पाठ झालेलं चित्र काढतात. अशा वेळी मी मुलांना एक आकार, एक रंग आणि एक नियम देते. आकार असे नियमाने मांडून केलेली नक्षी म्हणजेच संकल्पचित्र. त्यासाठी भाजीच्या ठशांइतकं स्वस्त आणि हुकमी साधन मला दुसरं सापडलेलं नाही.

आधीची तयारी

भेंडी निबर घ्या. कोवळी भेंडी दाबली की चेपते आणि ठसा पसरतो. भाजीवाल्याकडे संध्याकाळी उरलेली, खायला न चालणारी भेंडी मागितली तर तो आनंदाने देतो. आपल्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी रोज भाजी येत नाही. त्यांच्यासमोर चांगली भाजी रंगात बुडवू नये, असं मला मनापासून वाटतं.

देठाकडचा दोन-तीन बोटं लांब तुकडा ठेवा, देठ धरायला मुठीसारखा उपयोगी पडतो. कांदा अर्धा कापा, बटाट्याचे उभे चार भाग करा. हे काम तुम्हीच करायचं, मुलांच्या हाती सुरी द्यायची नाही. कापलेला भाग तासिकेच्या आधी वर्तमानपत्रावर पालथा ठेवून नंतर फडक्याने टिपून घ्या. बटाट्याचं पाणी रंगात उतरलं की ठसा फिका आणि डागाळलेला येतो.

जुन्या डब्याच्या झाकणात ओलं करून पिळलेलं सुती फडकं चौघडी घालून ठेवा आणि त्यावर पोस्टर कलर पसरा. रंग दाट ताकाइतका असावा. पोस्टर कलर नसेल तर कणकेची पातळ खळ शिजवून तिच्यात गेरू कालवा. चार मुलांत एक झाकण पुरतं. दोन तासिका जोडून मागून घ्या, एका तासिकेत हात रंगतात आणि घंटा होते.

पहिली दहा मिनिटं: नुसतं ठसे मारणं

रद्दी कागद द्या आणि काही सांगू नका. रंग जास्त घेतला की ठसा भरून जातो, ठसा सरकवला की फराटा उठतो, एकदा रंग घेऊन तीनदा मारला की प्रत्येक ठसा आधीच्यापेक्षा फिका येतो. हे सगळं मुलं स्वतः शोधतात. मग एकच प्रश्न विचारा: ‘भेंडीच्या ठशात उमटलेल्या फुलाला पाकळ्या किती?’ बहुतेक जण पाच म्हणतील, पण एखाद्याची भेंडी जास्त शिरांची निघते आणि सगळा वर्ग आपापली भेंडी मोजायला लागतो. निरीक्षणाचा धडा तिथेच होऊन जातो.

मग कागदाची घडी

आता कोरा कागद चार वेळा निम्मा दुमडायला सांगा. उघडण्याआधी चौकटी किती झाल्या असतील ते विचारा. सोळा हे उत्तर फार थोडे जण देतात, म्हणून उघडताना मजा येते. चौथी घडी लहान हातांना जड जाते, तिथे मदत करा. राजस्थानात सांगानेर आणि बगरूचे छपाई कारागीर लाकडी ठशाच्या कोपऱ्यातल्या बारीक खुणा जुळवत पुढचा ठसा मारतात. मुलांसाठी घडीच्या रेषा तेच काम करतात. पट्टी-पेन्सिल लागत नाही.

नियम एकेक करून द्या

पहिल्या कागदावर प्रत्येक चौकटीत मधोमध एक ठसा. दुसऱ्यावर एकाआड एक: भेंडी, कांदा, भेंडी, कांदा. तिसऱ्या कागदावर बटाट्याच्या पाव भागाचा अर्धगोल दर वेळी फिरवायचा, एकदा वर तोंड, एकदा खाली. याच कागदावर मुलं थबकतात. दोन अर्धगोल समोरासमोर आले की मध्ये न छापलेला पांढरा आकार उमटतो आणि कुणीतरी ओरडतं, ‘बाई, मासा झाला!’ हा क्षण घाईत घालवू नका. सगळ्यांना कागद हातभर लांब धरून फक्त पांढरी जागा बघायला सांगा. रिकामी जागाही चित्राचा भाग असते, हे तोंडी सांगून आठ वर्षांच्या मुलाला पटत नाही, दिसलं की कळतं.

चौथा नियम मुलांनी स्वतः बनवायचा आणि छापण्याआधी शेजाऱ्याला बोलून दाखवायचा.

या वेळात कुणाच्या कागदावर आपला हात चालवू नका. ‘छान’ म्हणण्यापेक्षा ‘इथे दोन रिकाम्या सोडल्यास, का गं?’ असं विचारा. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे मूल शिकत असताना करायच्या नोंदींच्या, वहीत तिचं उत्तरच नोंदवा. ‘चित्र सुंदर काढते’ या नोंदीपेक्षा ती कितीतरी खरी असते.

सगळे कागद वाळल्यावर कडेला कड लावून मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला लावा, नावं मागे लिहा.

कापड दुसऱ्या दिवशी

साडीचा काठ, खणाची चोळी, पैठणीचा पदर हे आधी दाखवू नका, नाहीतर मुलं त्याचीच नक्कल करतात. ठसेकाम झाल्यावर मात्र घरून एखादं जुनं कापड आणायला सांगा. मागच्या वर्षी एका मुलीने आजीच्या लुगड्याचा विरलेला काठ आणला. काठावर बोट फिरवत ती मोजत होती, ‘तीन फुलं, एक पान, तीन फुलं, एक पान.’ मग तिने न सांगता उरलेली भेंडी उचलली आणि पानासाठी काय वापरता येईल ते शोधायला लागली.