पॅलाडिन खेळताय? या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळात पॅलाडिन, म्हणजे शपथेने बांधलेला धर्मयोद्धा, घेतला की काही जण लगेच सगळ्या टेबलाचे हेडमास्तर होतात. अरे, शपथ तुझी आहे, सोबत्यांनी घेतलेली नाही.

माझ्याच टेबलावरचा किस्सा. एका गॉब्लिनने, म्हणजे खेळातल्या बुटक्या राक्षसाने, भाला टाकून हात वर केले. पॅलाडिन म्हणाला, "शरण आलेल्याला मारायचं नाही." इथवर छान. मग आमच्याच गटातल्या चोराच्या पात्राने, गुहेचा मागचा दरवाजा कुठे आहे ते काढून घ्यायला, नुसता सुरा दाखवला. झालं! पॅलाडिनने तलवार उपसली ती चोरावर. पाऊण तास वादावादी, बाकीचे दोघं मोबाइलमध्ये, आणि गॉब्लिन केव्हाच पसार. वर पॅलाडिनवाल्याचं ठरलेलं उत्तर: "माझं कॅरॅक्टर असंच वागणार."

तेव्हापासून मी पहिल्या सेशनआधीच पात्राच्या माहितीच्या कागदामागे तीन ओळी लिहून घेतो: मी काय मेलो तरी करणार नाही, दुसऱ्याने केलं तर कुठे अडवीन, आणि कुठे नुसतं तोंड वाकडं करीन. तिसरी ओळ कोरी असेल तर पॅलाडिन मिळत नाही.

दुसरी चूक डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची. १९७८च्या नियमांत जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं की पॅलाडिनपण कायमचं जायचं. २००० सालच्या आवृत्तीतही खोटं बोलणं, विष वापरणं बंद. २०१४पासून मात्र प्रत्येकाची शपथ वेगळी. तरी जुनी छडी घेऊन "पाडलाच बघ याला" म्हणत सापळे लावणारे डीएम आहेतच. मी आधी विचारतो, "शपथ असं म्हणते. तरी करायचंय?"

बाकी किरकोळ. २०१४च्या नियमांतला डिव्हाइन सेन्स, म्हणजे पॅलाडिनची चाहूल घ्यायची शक्ती, साठ फुटांतले देवदूत, सैतान आणि मेलेले-उठलेले ओळखतो, लबाड सावकार नाही. कैदी जिवंत हवा असेल तर हातघाईच्या शेवटच्या वाराला, डॅमेज देतानाच, "बेशुद्ध पाडतो" म्हणा. बाण मारून ते जमत नाही. डिव्होशनच्या (निष्ठेच्या) शपथेत "नरो वा कुंजरो वा" चालवून घेत नाही.

आणि मनसोक्त कापाकापी करता येईल म्हणून घाईघाईत व्हेंजन्सची (सूडाची) शपथ घेणाऱ्यांनो, शेवटचं कलम वाचा. शत्रूने ज्यांचं वाटोळं केलं त्यांना मदत करणंही त्यात आहे. माझ्या टेबलावर जळलेलं गाव आधी उभं करावं लागतं, सूड पुढच्या रविवारी.