जेम्स सहाव्याची चांदीची नाणी ओळखताना या चुका टाळा

राजाच्या डोक्यामागे रोमन आकड्यात ६ दिसला की लगेच ‘हा सहावा जेम्स’ असे वाचले जाते. स्कॉटलंडचा हा राजा सहावा होता हे खरे, पण तो आकडा त्याचा नव्हे. ते नाण्याचे मोल आहे: ६ शिलिंग. राजाचा क्रमांक पाहायचा असेल तर १६०३ च्या आधीची नाणी बघा. काट्याच्या फुलाचे चित्र असलेल्या ‘मर्क’ या चांदीच्या नाण्यावर ‘इयाकोबुस’ (जेम्सचे लॅटिन रूप) या नावाला लागूनच साधा ६ असतो.

खरी फसगत पुढेच आहे. १६०३ मध्ये जेम्स इंग्लंडचाही राजा झाला आणि १२ स्कॉटिश शिलिंग म्हणजे १ इंग्रजी शिलिंग, असा दर ठरला. इंग्रजी शिलिंग १२ पेन्सचा. त्यामुळे एडिनबरोच्या १२ शिलिंगावरही १२ आणि लंडनच्या एका शिलिंगावरही १२! आकार सारखा, चेहराही जवळपास तोच. अशा वेळी नाणे उलटून ढाल पाहा. १६०९ नंतरच्या स्कॉटिश नाण्यांत वरच्या डाव्या घरात मागच्या पायांवर उभा एकटा सिंह असतो. इंग्रजी नाण्यांत तिथे फ्रान्स-इंग्लंडची चिन्हे असतात. काट्याचे फूल हे स्कॉटलंडचे चिन्ह असले, तरी केवळ त्याच्या खुणेवर विसंबू नका. लंडनच्या टांकसाळीनेही ती काही वर्षे वापरली आहे.

१५६७ ते १५७१ मधल्या ३० शिलिंगांच्या, तलवारीचे चित्र असलेल्या ‘रायल’ या नाण्यावर कधी मुकुटधारी काट्याच्या फुलाचा छोटा ठसा सापडतो. ती खराबी समजून नाणे बाजूला टाकू नका. १५७८ मध्ये भाव वाढवून ३६ शिलिंग ९ पेन्स केला, त्याची ती सरकारी खूण. मला तर असेच नाणे अधिक बोलके वाटते.

कडा वेड्यावाकड्या दिसल्या म्हणून नाणे कातरले आहे असे मानू नका. शिवराई हाताळलेल्यांना हे सांगायला नको: हातोड्याने पाडलेले नाणे क्वचितच गोल निघते. अक्षरे अर्धी कापलेली असतील आणि वजनही कमी भरत असेल, तरच शंका घ्या. उलट, दोन नाण्यांची तीच चीर, तीच सरकलेली छाप जुळली तर दोन्ही नकली ओतीव असण्याची शक्यता मोठी.

आणि कृपा करून चिंच किंवा पावडर लावून घासू नका. चारशे वर्षांची काळसर झाक एकदा गेली की परत येत नाही.