चकचकीत बोल्टाला भुलू नका

देवगडला आंब्याच्या पॅकिंगची शेड उभारली तेव्हा मी धंद्यात नवा होतो. दुकानात दिसले ते चकचकीत बोल्ट उचलले. आगोटीच्या तोंडावर काम संपलं. गणपतीत राहिलेले पैसे मागायला गेलो, तर बोल्टाबोल्टाखाली तांबडे ओघळ. वळचणीखालचे तर जास्तच, कारण पावसाने मीठ धुतलं जात नाही तिथे. पैसे अर्धेच मिळाले, आणि त्यात मालकाची चूक नव्हती.

चकचकीत बोल्ट म्हणजे विजेवर प्लेटिंग केलेला. जस्ताचा थर साधारण ५ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). घाटावर आत कुठे चालेल, खाऱ्या वाऱ्यात नाही. आपल्याला हवा ‘हॉट डिप’. त्यात बोल्ट आम्लात धुऊन गंज काढतात, जस्त नीट धरावं म्हणून फ्लक्स नावाच्या क्षारांच्या पाण्यात बुचकळतात आणि सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. बाहेर काढल्या काढल्या जाळीच्या पिंपात गरगर फिरवून आट्यांतलं जादा जस्त उडवतात. थर ४०-५० मायक्रॉनचा बसतो. दिसायला मळकट राखाडी, हाताला जरा खरखरीत. गिऱ्हाईक म्हणतं, जुना माल देताय काय! म्हणू दे.

नट त्याच सेटमधला घ्या. जाड थर सामावावा म्हणून हॉट डिपच्या नटाचे आटे मुद्दाम सैल पाडतात, तेही बुडवून झाल्यावर. म्हणजे नटाच्या आत जस्त नसतं, बोल्टावरचंच त्याला राखतं. साधा नट त्यावर चढत नाही. आमच्या पोराने एकदा चढत नाही म्हणून बोल्टावर डाय, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवली. जस्ताचा सगळा कीस खाली पडला आणि आटे उघडे पडले.

शेडीला डोक्यावर ८.८ उमटवलेला बोल्ट पुरे; हा ताकदीचा आकडा, जास्त आकडा म्हणजे जास्त कडक. १२.९ जस्तात बुडवायला देऊच नका, आम्लात धुताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि एवढा कडक बोल्ट ताणाखाली कडकन तुटू शकतो. स्टेनलेसच्या पत्र्याला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, बोल्ट लावू नका, जस्त लवकर खाल्लं जातं.

ओल्या गोणीत माल ठेवलात तर त्यावर पांढरी भुकटी धरते, म्हणून फळीवर सुटा ठेवा. खरचटलेल्या जागी जस्ताचा पेंट दोन हात मारा. मागताना ‘जस्ताचा’ असंच सांगा, नाहीतर दुकानदार सिल्व्हर पेंट हातात ठेवतो, आणि त्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते.