काट्यावरच हरणारी पोरं: कमी वजनाच्या प्रोफेशनल बॉक्सरने या चुका टाळा

डिसेंबरातली पहाट, साडेपाच वाजलेले. नाशिकच्या गंगापूर रोडवरून, घाम निघावा म्हणून रेनकोट घालून पळून आलेला माझा बॉक्सर पोरगा सगळं उतरवून चड्डीवर काट्यावर उभा राहिला. आकडा आला 51.10. तो लढतो त्या फ्लायवेट गटाची मर्यादा 112 पौंड, म्हणजे 50.80 किलो; तीनशे ग्रॅम वर. तोंडाला कोरड पडलेली, तरी वजन उतरावं म्हणून बाटलीत थुंकत होता. मी सहज काटा उचलून शेजारच्या फरशीवर ठेवला, तर 50.70. पोरगं खूश झालं. माझ्या पोटात मात्र गोळा आला. फरशी बदलली की वजन बदलत असेल, तर दोन महिने आम्ही मोजत काय होतो?

ही पहिली चूक, आणि ती आमचीच. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका कांदा व्यापाऱ्याकडून शिक्क्याची लोखंडी मापं आणली, वीस-वीसची दोन आणि दहाचं एक. काट्याने 50 किलोचे 49.60 दाखवले. म्हणजे पोरगं खूश झालं तेव्हाही ते मर्यादेच्या वरच होतं. तेव्हापासून काट्याची जागा ठरलेली आहे, खाली सपाट प्लायवूड आहे आणि दर महिन्याला मापं ठेवून बघतो. फाइटच्या गावी पोचलो की बॅग ठेवायच्या आधी तिथला अधिकृत काटा कुठे आहे ते विचारायचं आणि त्यावर एकदा उभं राहायचं. हॉटेलच्या बाथरूममधल्या काट्यावर भरवसा ठेवायचा नाही.

मोठ्या वजनाच्या बॉक्सरला हे किरकोळ वाटेल. पण खालचे गट बघा: 105, 108, 112, 115, 118, 122 पौंड. एकातून दुसऱ्यात जायला तीन-चार पौंड, म्हणजे दीड-दोन किलोसुद्धा नाही. ऐंशी किलोच्या माणसाने दोन किलो पाणी घालवलं तर अडीच टक्के होतात, पन्नास किलोच्या पोराचे चार टक्के. तर्री, दोन पाव, वर दही आणि ताक अशी रविवारची मिसळ पोटात गेली की अर्धा-पाऊण किलो काट्यावर लगेच दिसतं. ते उद्या उतरेल, हे खरं. पण वजन आज आहे.

खरी चूक याच्याही आधीची असते: गट चुकीचा निवडणं. अठराव्या वर्षी पोरगं 48 किलोत जिंकलेलं असतं, घरात त्या पदकाचा फोटो लागलेला असतो आणि सगळ्यांना वाटतं हाच आपला गट. वीस-एकविसाव्या वर्षी खांदे भरतात, हाडं जड होतात. ती वाढ कोणी मागितलेली नसते, पण ती परतही करता येत नाही. मॅनी पॅकियाओने डिसेंबर 1998 मध्ये डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा फ्लायवेट किताब जिंकला. सप्टेंबर 1999 मध्ये वजनच बसलं नाही, किताब काट्यावर गेला आणि मग रिंगमध्ये नॉकआउटही झाला. त्यानंतर तो एकदम 122 पौंडांत गेला आणि जून 2001 मध्ये तिथला आयबीएफ या दुसऱ्या संघटनेचा किताब घेतला. पुढे आठ गटांत जिंकला, ते जगाला माहीत आहे. आमच्या पोरांना आठ गट तोंडपाठ, 1999 चा काटा कोणालाच आठवत नाही. मेरी कोमचं बघा. 48 किलोत जगज्जेती होती, पण 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वांत खालचा गट 51 किलोचा होता. ती वर गेली आणि कांस्य घेऊन आली.

मी ठोकताळा असा ठेवलाय: फाइटला महिना असताना, पोटभर जेवून-खाऊन पोराचं वजन मर्यादेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल तर गट चुकलाय. डब्ल्यूबीसीही किताबाच्या लढतींआधी साधारण असंच तपासते, तीस दिवस आधी दहा टक्क्यांच्या आत आणि सात दिवस आधी पाच टक्क्यांच्या आत. फ्लायवेटला दहा टक्के म्हणजे 55.88. तुमचा पोरगा 57 वर असेल तर प्रमोटरला, म्हणजे लढत भरवणाऱ्याला, आत्ताच फोन करा आणि 115 मध्ये लढतो म्हणून सांगा. आदल्या दिवशी सांगितलं तर पैसेही कापतात आणि नावही जातं.

अॅमॅच्युअरमधून, म्हणजे हौशी बॉक्सिंगमधून आलेल्यांची एक खास गफलत असते. तिथे स्पर्धेच्या दिवशी सकाळी वजन, त्याच दिवशी लढत, म्हणून पोरगं वजनासाठी फार पाणी घालवत नाही. प्रोमध्ये वजन आदल्या दिवशी होतं. मग डोक्यात येतं, “सर, अख्खा दिवस आहे की, भरून काढू.” आणि दोनाचे चार किलो होतात. काट्यावरचा आकडा एका रात्रीत परत येतो. शरीरातलं पाणी जिथल्या तिथे पोचायला त्याहून वेळ लागतो, आणि डोक्याचा प्रश्न असेल तिथे मी जुगार खेळत नाही. 1982 च्या नोव्हेंबरमध्ये लास वेगासला लाइटवेटचा कोरियन बॉक्सर किम दुक-कू रे मॅनचिनीविरुद्ध चौदाव्या राउंडमध्ये पडला आणि काही दिवसांत मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. वजन बसवताना त्याची दमछाक झाली होती. त्यानंतरच किताबाच्या लढती पंधरावरून बारा राउंडवर आल्या.

लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळीबद्दल एकच सांगतो. ती कोणी “फक्त अर्धी घे” म्हणून हातावर ठेवली तर त्या माणसाला हॉलमध्ये परत घेऊ नका. ते औषध प्रतिबंधित यादीत आहे, आणि पायात गोळे येऊन पोरगं दुसऱ्या राउंडला उभं राहत नाही ते वेगळंच.

वजन झाल्यावर काय करायचं, तर जेवढे किलो पाण्याचे गेले त्याच्या साधारण दीडपट पातळ पदार्थ, संध्याकाळपर्यंत घोट-घोट. नुसतं पाणी नको, ओआरएस घ्या. मग मऊ भात-वरण, दही-भात, केळी. वजन झालं की थेट मिसळीच्या टेबलावर बसणारे मी पाहिलेत. रात्रभर संडासात असतात.

आता थोडी नाशिकची खोड. सावरपाड्याच्या कविता राऊतने दहा हजार मीटरला राष्ट्रकुलचं पदक आणलं तेव्हापासून इथे कोणीही खेळाडू झाला की पहिला पळायला लागतो. बॉक्सरही रोज पंधरा किलोमीटर पळतो आणि चौथ्या राउंडला पाय ओढतो. लढत तीन मिनिटं आग आणि एक मिनिट स्टूल अशी चालते. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर तीन मिनिटं जोरात, एक मिनिट उतरत, असं सहा वेळा करा. लांब पळणं आठवड्यातून एकदा पुरे.

हातमोजेही बदलतात. या गटांत अॅमॅच्युअरला 10 औंसाचे असतात, प्रोला 8 औंसाचे. आणि धुऊन परत वापरायच्या पट्ट्यांऐवजी गॉज (जाळीदार कापड) आणि टेप येतात. पहिल्या फाइटच्या ड्रेसिंग रूममध्ये टेप पहिल्यांदा हातात घेणारा कोच मी पाहिलाय. मूठ इतकी घट्ट बांधली होती की पोराची बोटं निळी पडली आणि समोर निरीक्षक उभा. आधीच्या महिनाभर स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, रोज गॉज-टेपनेच बांधा. मूठ मिटल्यावर घट्ट आणि उघडल्यावर सैल, असं जमलं पाहिजे.

पैशाचं बोलायचं तर प्रोमध्ये उडी मारण्याआधी घरी बसून एक हिशोब करा. खेळाडूंच्या आरक्षणातून सरकारी नोकरी हवी असेल तर मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, प्रो रेकॉर्ड तिथे कामाला येत नाही. खालच्या वजनाला खरा भाव जपान, थायलंड, मेक्सिको, फिलिपिन्समध्ये. 122 पौंडांचा जपानी बॉक्सर नाओया इनोए मे 2024 मध्ये टोकियो डोममध्ये लढला. आपल्याकडे चार राउंडच्या फाइटला प्रवासखर्च सुटला तरी लोक नशीब म्हणतात. त्यामुळे दहा दिवस आधी परदेशातून फोन येतो, रक्कम बरी असते आणि पोरगं हो म्हणून बसतं. हो म्हणायच्या आधी चार गोष्टी लिहून मागा: वजन किती, राउंड किती, सोबत कोणाचं तिकीट, दवाखान्याचा खर्च कोणाचा. करार इंग्रजीत असतो, तो वकिलाला दाखवायला लाजू नका. पुढच्या तीन फाइट त्याच प्रमोटरकडे बांधणारी ओळ बहुधा शेवटून दुसऱ्या पानावर सापडते.

आणि परतीचा प्रवास. मुंबईत फाइट झाली की आम्ही त्याच रात्री निघतो. एकदा शहापूरच्या पुढे पोराने उलटी केली आणि परत डोकं टेकलं. त्याचा भाऊ म्हणाला, “दमलाय सर, झोपू द्या.” पोरगं गुणांवर जिंकलेलं, कुठे खरचटलंही नव्हतं. मी नाव विचारलं, बरोबर सांगितलं. किती राउंड लढलो विचारलं, तर विचारात पडलं. कसारा घाट चढायच्या आधी गाडी फिरवली आणि कल्याणला नेऊन सीटी स्कॅन केला. सुदैवाने काही निघालं नाही. वाढतं डोकं दुखणं, उलटी, बोलताना चुकणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, जागं करूनही जागं न होणं, यातलं एकही दिसलं तरी असंच करायचं. दवाखान्यात “खेळताना लागलं” एवढंच सांगू नका. डोक्यावर पंच बसलेत, फाइट किती वाजता संपली आणि आदल्या दिवशी किती किलो पाणी काढलं होतं, हे तिन्ही सांगा.