चिमटा घेण्याआधी टेप काढा

सायकलचा शॉकवाला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, बदलायचा ठरला की तोंडातून पहिला प्रश्न निघतो, "ट्रॅव्हल किती?" ट्रॅव्हल म्हणजे फोर्क किती दबतो ते. मीही तेवढंच विचारलं होतं. १०० मिमी ट्रॅव्हलसाठी बनलेल्या फ्रेमला हौसेनं १४० चा लावला आणि नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर पुढचं चाक उचलू लागलं, हँडल भरकटू लागलं. मिस्त्रीनं लांबूनच पाहिलं : "भाऊ, चिमटा उंच झाला ना बाप्पा."

म्हणून आधी जुना फोर्क उतरवा आणि मोजा. एक्सलच्या (चाकाच्या दांड्याच्या) मध्यापासून क्राऊनवर (फोर्कचे दोन्ही पाय जुळतात तिथे) हेडसेटची (हँडल फिरतं त्या बेअरिंगची) खालची रिंग बसते तिथपर्यंत, टेप फोर्कच्या वरच्या नळीला समांतर धरून, फोर्क पूर्ण उघडलेला असताना. कामाचा आकडा हाच. १०० मिमी ट्रॅव्हलचा २६ इंची फोर्क साधारण ४७० मिमी भरतो, २९ इंचीचा ५०० च्या पुढेमागे. ट्रॅव्हल तेच, लांबीत तीन सेंटिमीटरचा फरक! गाडी जुनी घेतली असेल तर तिच्यावरचा फोर्क मूळचाच असेल असं नाही. मग कंपनीच्या तक्त्यातली लांबी धरा.

लांबी २० मिमी वाढली की हेडट्यूब (फ्रेमची पुढची नळी) सुमारे एक अंश मागे झुकते आणि पायडलचा आस सात-आठ मिमी वर जातो. एवढं चालून जातं. त्यापुढे हेडट्यूबच्या जोडावर जोर येतो. कंपनीनं कमाल लांबी दिली असेल तर ती ओलांडू नका, वॉरंटी जाते ती वेगळीच. बसल्यावर फरक थोडा कमी होतो, हेही खरं. २५ टक्के सॅग (स्वाराच्या वजनानं होणारं दबणं) धरला तर १४० चा फोर्क ३५ मिमी दबतो, १०० चा २५. पण चाळीसचा फरक तीसवरच आला ना!

फोर्कची वरची नळी सरळ की टेपर्ड (खाली जाड), एक्सल क्विक रिलीजचा की १५ मिमीचा, डिस्क ब्रेकचा माउंट कोणता, हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. नळी मात्र घाईत कापू नका. हेडसेट, स्पेसर, हँडल धरणारा स्टेम सगळं चढवून खूण करा, मगच करवत.

बसवल्यावर फोर्कमधली हवा सोडून तो तळापर्यंत दाबा. टायर क्राऊनला घासतो का? हँडल दोन्हीकडे वळवा. फोर्कच्या वरच्या नॉब डाउनट्यूबला (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीला) धडकतात का? माझी एक धडकली होती, रंगावर अजून टवका आहे.

फोर्कमध्ये हवा भरायची ती जेव्हा चालवणार तेव्हाच्या तापमानात. डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांत भरलेला दाब मे महिन्यात ४५ अंशांवर दहाएक टक्क्यांनी चढतो, फोर्क दगड होतो. मग गोरेवाड्याकडच्या खडबडीत वाटेवर एक फेरी, सेमिनरी हिल्सवर एक चढ. तोवर जुना चिमटा विकू नका.